असा कोणी इथं राहत नाही

मी बी.ए. आहे. सेकंड क्लास. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. ही गोष्ट मी कुणी न विचारताही सांगतो, आणि सांगताना आवाज थोडा चढतो. चढू दे. माझे वडील पेडण्यात दुसऱ्यांच्या माडांवर चढायचे. मी पायऱ्या चढलो, एवढाच फरक.

पेडणं गोव्यात, आणि गोवा त्या काळी पोर्तुगिजांचा. आमच्या गावाला लागून खाडी. पलीकडच्या काठावर कुत्री भुंकली की आमच्या अंगणात ऐकू यायची. ती कुत्री हिंदुस्थानातली आणि आम्ही पोर्तुगालचे, असं कागद म्हणत. लहानपणी त्याचं काहीच वाटायचं नाही. लोक होडीनं पलीकडं बाजाराला जात, लग्नाला जात, भांडायलासुद्धा जात. वडील वारले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आईचा भाऊ, म्हणजे माझा मामा, लालबागला राहून गिरणीत साचे चालवायचा. तो दिवसांना आला आणि परत जाताना मला घेऊन गेला. होडीत कुणी काही विचारलं नाही. माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी, तिच्यात दोन सदरे आणि आईनं बांधून दिलेली सोलं. आई आणि धाकटी बहीण तिकडंच राहिल्या.

मुंबईत पहिली दोन वर्षं शाळा नव्हती. मामाला वाटायचं, शाळेत घालायला गेलो तर पोरगं कुठून आणलं म्हणून विचारतील. रेशनकार्डावरही त्यानं माझं नाव घातलं नाही. पुढं चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपात मला दिवसा काम मिळालं आणि तिथल्याच फिटरनं मला नाइट स्कूलमध्ये नेऊन बसवलं. दिवसभर लोखंड घासायचं आणि दिवे लागल्यावर भूमिती. मॅट्रिक झालो तेव्हा मिशी चांगली दाट होती.

तोवर जग बदललं होतं. गोव्याची हद्द बंद झाली होती. जायचं तर परवाना, आणि गेलेला माणूस परत येईल याची खात्री नाही. आईची पत्रं कधी दोन महिन्यांनी येत, कधी येतच नसत. आणि इकडं मुंबईत एकच घोषणा होती, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. भिंतीवर तीच, ट्रामच्या पाठीवर खडूनं तीच, आमच्या चाळीतली तीन वर्षांची पोरंसुद्धा नळावर तीच ओरडत.

अशा दिवसांत मी गिरगावच्या बाजूच्या एका कॉलेजात नाव घालायला गेलो. फॉर्म इंग्रजीत होता. मी तो घरून पाठ करून आल्यासारखा भरला. खिडकीतल्या कारकुनानं वाचता वाचता चष्मा कपाळावर घेतला.

"जन्म पोर्तुगीज हद्दीतला?"

"हो. पण मी इथं लालबागला..."

"ते असू दे. डोमिसाइल सर्टिफिकेट आहे? मुंबई राज्यात राहत असल्याचं?"

"नाही."

"मग ॲडमिशन तात्पुरती. दिवाळीच्या सुट्टीच्या आत सर्टिफिकेट आणा. नाहीतर नाव कमी होईल. आमचा इलाज नाही हो, वरचा नियम आहे."

कारकून वाईट नव्हता. त्यानं 'हो' लावून सांगितलं, हे मला आजही आठवतं. मी जिना उतरून खाली आलो आणि पहिल्यांदा मला कळलं की अकरा वर्षांचा असताना होडीत बसलो ते कुठं उतरलोच नव्हतो.

आता मुलं याला टेन्शन म्हणतात, डिप्रेशन म्हणतात, त्यासाठी डॉक्टर असतात, आणि असावेतच. तेव्हा आमच्याकडं त्याला शब्द नव्हता. मामी म्हणायची, "कोणाची तरी दिष्ट लागली. जेवक नाय, खावक नाय, सुकून काटी झालंस." तिनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सगळी खोली खोकली, माझं काही उतरलं नाही.

नक्की काय होत होतं ते सांगतो. वर्गाच्या दारात शिपाई चिठ्ठी घेऊन उभा राहिला की मी वह्या-पुस्तकं गोळा करून ठेवायचो. चिठ्ठी नेहमी दुसऱ्याच कशाची तरी असे. पुस्तक उघडलं की तेच पान चार वेळा वाचायचो, आणि शेवटच्या ओळीला आलो की पहिली ओळ गेलेली. वर्गात सगळ्यात जास्त वाचणारा मीच असेन, आणि सगळ्यात कमी कळणाराही. प्राध्यापकांनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही हात वर करायचो नाही. वाटायचं, नजरेत नको यायला. नजरेत आलो तर कुणाला तरी आठवेल की हा इथला नाही. आणि गंमत म्हणजे, मला कॉलेज बेहद्द आवडत होतं! तो उंच छताचा हॉल, ग्रंथालयातला जुन्या कागदाचा वास, एका रविवारी सगळा वर्ग घारापुरीला गेला तेव्हा बोटीत म्हटलेली गाणी. जे इतकं आवडतं ते आपलं नाही, उसनं आहे, असं सतत वाटत राहणं हीच ती बाधा. मामीच्या मिरच्यांना ती कशी कळावी?

मी हे कुणाला सांगितलं नाही. मामाला तर नाहीच. त्याला काळजी आणि मला लाज. फोर्टातल्या कचेरीचा पत्ता मीच शोधून काढला, अर्ज मीच केला, पुरावे म्हणून नाइट स्कूलचे दाखले मीच जोडले. नियमात जितकी वर्षं सलग राहिलेलं लागत होतं, त्यात माझी पहिली दोन वर्षं उघडी पडत होती. त्यासाठी मी लिहिलं, "शेजाऱ्यांकडे चौकशी करावी." किती हुशारी! अख्खी चाळ मला ओळखते, मग भीती कसली?

वर्गात माझा एक मित्र होता, परळच्या एका गिरणीतल्या जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, मुलगा. बोलायला धारदार, मनानं लोणी. तो मोर्चांना जायचा, मी जायचो नाही. एके दिवशी ठाकूरद्वारच्या इराण्याकडं त्यानं मला धरलंच.

"काय रे फिरंगी, काल पण आला नाहीस. घरी बांगड्या भरत होतास काय?"

फिरंगी हे नाव त्यानंच मला ठेवलं होतं, प्रेमानं. पण त्या दिवशी ते कुठंतरी लागलं.

"मला नाही येता येत."

"का? मुंबई नको तुला महाराष्ट्रात?"

"मला हवी. पण मोर्चात सापडलो तर तुला दोन दिवस आत ठेवतील आणि सोडतील. मला हद्दीबाहेर टाकतील."

मग मी सगळं सांगितलं. होडीपासून दिवाळीपर्यंत. माझा चहा गार झाला, त्याचा ब्रूनमस्का तसाच राहिला. त्यानं ऐकून घेतलं, आणि हसायलाच लागला. इतका हसला की इराणी गल्ल्यावरून ओरडला, "ए, धीरे!"

"म्हणजे बघ," मित्र डोळे पुसत म्हणाला, "आम्ही इकडं बोंबलतोय मुंबई कुणाची म्हणून, आणि तू अजून मुंबईत आहेस की नाहीस हेच ठरायचंय!"

मीही हसलो. किती दिवसांनी हसलो कुणास ठाऊक. ब्रूनमस्का अर्धा मी खाल्ला. सांगून टाकल्यानं कागद काही मिळाला नाही, पण त्या दिवशी ट्राममध्ये मी पुस्तकाची दोन पानं सलग वाचली आणि ती समजली. तरी मामाला सांगायचा धीर झाला नाही तो नाहीच.

मग कचेरीचं बोलावणं आलं. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. साहेब पन्नाशीचे, गिरगावातले असावेत. बोलणं अगदी छापील, कपाळावर बारीक आठी. त्यांनी माझ्या अर्जाला टाचलेला एक कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला.

"'सदर नावाचा इसम या पत्त्यावर राहत नाही. खोलीवाला, शेजारी, दुकानदार, दूधवाला भैया, कुणासही त्याची माहिती नाही.' चौकी पोलिसाचा रिपोर्ट आहे हा. आता बोला."

मी टेबलावर वाकून कागदावरचा पत्ता वाचला. आमचाच होता.

"खोलीवाला म्हणजे तुमचे मामा ना?" साहेबांनी विचारलं. "ते म्हणतात, त्यांना भाचा नाही. भाचाच काय, बहीणसुद्धा नाही."

"साहेब, चूक होतेय. मी रोज तिथंच..."

"चौकशी तुम्हीच मागितली होती. मी रिपोर्टाबाहेर कसा जाऊ?" मग आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "आठवडाभर थांबतो. काही असेल तर आणा."

फोर्टातून लालबागपर्यंत मी चालत आलो. ट्राम सुचलीच नाही. माझ्याच लोकांनी मला नाही म्हटलं! चाळीच्या तोंडाशी आलो तर समोरच्या खोलीतली म्हातारी उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेली. नवरा गिरणीत असतानाच वारला, मुलगा गावाला, अशी एकटी राहायची आणि सगळ्या मजल्यावर राज्य करायची. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि हात उंचावून बोलावलं. चेहरा असा, जसं काही लॉटरी लागली.

"ये रे ये! तुका म्हायत नाय, आमी तुका कसो वाचवलो तो! परवा साध्या कपड्यातलो पोलीस इल्लो. तुजा नाव घेऊन इचारी हुतो. मी सांगलंय, असो कोण हय रवणा नाय!"

एवढ्यात मामीही बाहेर आली. "वाण्यानं पण सांगितलं, भैयानं पण सांगितलं. खालच्या पोरांनी तर त्याला उलटा भायखळ्याचा रस्ता दाखवला."

मी विचारलं, "आणि मामा?"

"तो काय मागं राहतो? त्यानं सांगितलं, मला बहीणच नाही." मामीच्या आवाजात नवऱ्याचा अभिमान ओसंडत होता.

तेव्हा मला सगळं उमगलं. आदल्याच महिन्यात चाळीतली दोन पोरं मोर्चातून धरून नेली होती. त्यानंतर चाळीनं न बोलता एक कायदा करून टाकला होता: पोलिसानं कुणाचंही नाव घेतलं की ते नाव आपण जन्मात ऐकलेलं नाही. आणि माझ्यासाठी तर सगळ्यांनी तो कायदा जीव तोडून पाळला होता. एकाही माणसानं दगा दिला नव्हता. असं प्रेम माझ्या वाट्याला आलं, आणि त्यानंच माझं नाव कॉलेजातून कापायला घेतलं होतं.

मी तिथंच पायरीवर बसलो आणि रडलो. वीस वर्षांचा मिशीवाला माणूस. रडता रडताच सगळं सांगितलं. मामा पाळीवरून आला तेव्हा गॅलरीत निम्मी चाळ गोळा झाली होती. 

मामानं ऐकलं. डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

"रे मेल्या," तो म्हणाला, "माका सांगुचा नाय तुया? मी तुजो कोण?"

"तुला बहीणच नाही ना," मी म्हटलं.

मग म्हातारी खुदकन हसली, आणि गॅलरी फुटली. मामाही हसला, हसता हसता त्यानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की हुंदका आतच राहिला.

आता करायचं काय? मामा म्हणाला, सगळे मिळून जाऊ आणि सांगू आम्ही खोटं बोललो. मित्र बोलावणं पाठवताच परळहून धावत आला होता. त्यानं कपाळावर हात मारला.

"मामा, फोर्टात जमावबंदी आहे. पाच माणसं एकत्र दिसली की जमाव. तुम्ही चाळीस जाल सर्टिफिकेट आणायला आणि बसाल लॉकपमध्ये."

"मग चार-चार जाव या," म्हातारी म्हणाली. जणू बाजाराला जायचंय.

पण नुसतं जाऊन काय उपयोग? काल नाही म्हणणारे आज हो म्हणतात, साहेब कशावर विश्वास ठेवेल? पुरावा हवा, आणि तोही त्या पहिल्या दोन वर्षांचा, जेव्हा मी ना शाळेत होतो ना कार्डावर. तिसऱ्या खोलीतल्या एका बाईनं विचारलं, "तेव्हा हा करायचा तरी काय दिवसभर?" आणि तिचं तिलाच उत्तर मिळालं. "अगं बाई, पत्रं!"

खरंच की. पेडण्याला आमचे एक मास्तर होते, त्यांनी मला मराठी लिहायला वाचायला शिकवलं होतं. चाळीतल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हतं. त्यामुळं शाळा नसलेली ती दोन वर्षं मी सगळ्या मजल्याची पत्रं लिहिली आणि गावाहून आलेली वाचून दाखवली. मालवण, देवगड, कुडाळ, वेंगुर्ला. कोणाच्या घरावर कौलं घातली, कोणाचा फणस कोणी तोडला, मला सगळं ठाऊक. बदल्यात कुणी लाडू द्यायचं, कुणी टपली.

आणि आमच्याकडची एक रीत होती. गावाकडून पत्र आलं की शेवटी वाचणाऱ्यासाठी एक ओळ असायची. तिकडं लिहिणाराही कुणी मास्तर किंवा पोस्टमन, इकडं वाचणारा मी. दोघांची ओळखदेख नाही, पण ज्याच्या तोंडानं आपले शब्द जाणार त्याला राम राम घातल्याशिवाय पत्र पुरं होत नसे. मीही उत्तराखाली 'लिहिणार, गोव्याचा मुलगा' असं टाकायचो. त्या संध्याकाळी घरोघरच्या ट्रंका उघडल्या. डांबरगोळ्यांच्या वासात लग्नाच्या साड्या निघाल्या, आणि साड्यांच्या घड्यांतून पोस्टकार्डं.

दुसऱ्या दिवशी दिवसपाळीवाल्यांनी खाडे केले. मित्र कचेरीसमोरच्या ट्रामस्टॉपवर उभा राहिला आणि थोड्या थोड्या वेळानं एकेक चौकडी आत सोडू लागला. पहिल्या चौकडीत मी, मामा, म्हातारी आणि तिसऱ्या खोलीतली बाई.

साहेबांनी वर पाहिलं. "हे कोण?"

मामा पुढं झाला, हात जोडले. "सायबानू, मी ह्येचो मामा. माका बहीण आसा."

"आहे?"

"आसा. एकच आसा. त्या दिवशी नाय हुती."

साहेबांच्या कपाळावरची आठी जराशी हलली. मामानं पोस्टकार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि मी शेवटच्या ओळींची रीत समजावून सांगितली. साहेबांनी भिंग मागवलं. आधी शिक्का पाहायचे, मग शेवटची ओळ. एक-दोन कार्डं मनात वाचली. मग, बहुतेक स्वतःलाच ऐकू यावं म्हणून, मोठ्यानं वाचू लागले.

"'पत्र वाचणार गोव्याचा मुलगा यास आशीर्वाद.' हं. 'वाचणाऱ्या गोव्याच्या मुलास कळावे की मागील पत्रातील अक्षर मुंगीसारखे होते, मोठे काढणे.' हं. 'गोव्याच्या मुलाने नीट वाचावे. लंगडत होता तो बैल. तुमच्या उत्तराप्रमाणे म्हशीच्या पायास तेल चोळले, तिने लाथ मारली.'"

साहेब थांबले. नाकातून एक विचित्र आवाज आला. साहेब हसत होते, पण खुर्चीला कळू न देता.

"हे तुम्हीच का?" त्यांनी मला विचारलं.

"तेव्हा लहान होतो, साहेब. बैल आणि म्हैस दोन्ही शब्द एकाच ओळीत होते."

पहिली चौकडी भिंतीला लागून उभी राहिली, दुसरी आली तेव्हा शिपायानं गडबडून आम्हाला बाहेर काढायला घेतलं. साहेब म्हणाले, "राहू दे." तिसरी आली. आता खोलीत आम्ही बाराजण होतो, म्हणजे कायद्यानं अडीच जमाव. साहेबांनी टेबलावर कार्डं महिन्याप्रमाणे मांडली, पत्त्याच्या डावासारखी. मग बोट एका मोकळ्या जागेवर ठेवलं.

"पहिल्या वर्षाचा पावसाळा नाही. जवळजवळ चार महिने. तेवढ्यात घरी जाऊन आला असाल तर सलग धरता येणार नाही."

पावसात गावची पत्रं सहसा येत नसत. बोटी बंद, नद्या भरलेल्या. आता हे तोंडाशी येऊन जाणार.

म्हातारीनं कमरेची पिशवी सोडली. आतून एक कार्ड काढलं, चार घड्या पडलेलं. "ह्या मी आणलंय, पण दिवचा नाय म्हणत हुतंय. माज्या गायचा आसा."

साहेबांनी घेतलं. शिक्का ऑगस्टचा. त्यांनी शेवटची ओळ वाचली, आणि मग म्हातारीकडं न पाहता हळू आवाजात सगळ्यांना वाचून दाखवली.

"'गोव्याच्या मुलास विनंती की बाईंची गाय गेली हे त्यांस एकदम सांगू नये. त्यांनी ती वासरापासून वाढवली. आधी त्यांस जेवू घालावे, मग शेजारी कुणी बाई असताना सांगावे.'"

मी ते पत्र विसरून गेलो होतो. पण आता आठवलं. अकरा वर्षांचा मी, कार्ड हातात धरून नुसता 'सगळी खुशाल आहेत' म्हणालो होतो, आणि धावत मामीकडं पेज मागायला गेलो होतो.

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. "तरीच मेलो त्या दिसा माका आदी पेज जेव, आदी पेज जेव करी हुतो! मी म्हटलंय, ह्या पोराक आज काय झाला?" आणि तिनं साहेबांच्या कचेरीत, शिपायासमोर, माझा कान धरून डोकं खाली ओढलं आणि कपाळाचा मुका घेतला.

साहेबांनी भिंग पुसलं. पुसायची गरज नव्हती.

"उद्या हवालदार पुन्हा येईल," ते म्हणाले. "एवढंच करा, त्याला खरं सांगा."

खरं सांगा म्हटल्यावर चाळ कशी ऐकते! दुसऱ्या दिवशी तो बिचारा हवालदार जिन्यावर पाय ठेवतो न ठेवतो तोच तीन मजल्यांवरून एकाच वेळी माझं नाव ऐकू आलं. पोरांनी त्याचा हात धरून वर आणलं. त्याला माझी पथारी दाखवली, पेटी दाखवली, मी कुठं दात घासतो तो नळ दाखवला. वाण्यानं शपथ घेतली, भैयानं मागितली नसताना शपथ घेतली. चार घरांत चहा, दोन घरांत घावणे, आणि म्हातारीकडं त्यानं कसंबसं सांगितलं की आता पोटात जागा नाही. तिनं विचारलं, "गेल्या खेपेक भूक नाय लागली काय?" उतरताना तो मामाला म्हणाला, "अहो, एवढा प्रसिद्ध माणूस, आणि गेल्या वेळी कुणालाच माहीत नव्हता!"

सर्टिफिकेट सुट्टी लागायच्या चार दिवस आधी मिळालं. मी ते कारकुनाच्या खिडकीत दिलं. त्यानं शिक्का पाहिला, रजिस्टर ओढलं आणि म्हणाला, "झालं. जा वर्गात." एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी होईल, घंटा वाजेल. बाहेर मित्र उभा होता. त्यानं मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि दोघेही आपटलो.

चाळीला पेढे हवे होते, मामानं दिले. आईला मी तीन पानी पत्र लिहिलं. ते तिला माघात मिळालं, असं पुढं कळलं.

सुट्टीनंतर तिमाहीचे पेपर वर्गात वाटले. लॉजिकमध्ये मला शंभरात एकवीस. प्राध्यापक नावं घेत घेत माझ्यापर्यंत आले आणि चष्म्यावरून पाहून म्हणाले, "उभे राहा. तुम्हाला कॉलेजात राहायचंय की नाही?"

दोन महिन्यांपूर्वी हे वाक्य ऐकून मी जागच्या जागी मेलो असतो. आता मी उभा राहिलो, पेपर हातात, आणि आतून काहीतरी उसळून वर आलं. मी ओठ दाबले, तरी हसू फुटलंच. मागून मित्र कुजबुजला, "गप रे, हाकलतील!"

"हसायला काय झालं?" प्राध्यापक कडाडले.

"काही नाही सर," मी म्हटलं. "राहायचंय सर. अभ्यास करतो."

आणि खाली बसलो. बाकावरच्या बाकी सगळ्यांसारखी मलाही आता फक्त लॉजिकची भीती होती. मी वही उघडली, सरांनी फळ्यावर लिहिलेलं वाक्य एकदाच वाचलं, आणि उतरवून घेतलं.